तार किती ताणावी?

गेल्या काही वर्षांत व्यायामाने आखाडा आणि मैदान सोडून घरातील मोबाईलच्या पडद्यावर मुक्काम हलविला आहे. साठ किंवा नव्वद दिवसांत शरीर घडवून देण्याचे आश्वासन देणारे तीव्र व्यायामाचे कार्यक्रम आता रिसोड, मालेगाव, मानोऱ्याच्या खेड्यांतही पोहोचले आहेत. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, दिवसभर खुर्चीत बसून नोकरी करणारा आपला माजी विद्यार्थी आणि वाढत्या वजनाने चिंतित झालेली माता हे सारे एकच चित्रफीत पाहून एकाच वेगाने उड्या मारू लागतात. या उत्साहाचे आम्ही स्वागतच करतो. मात्र असा कार्यक्रम आपल्याला मानवेल काय, हा प्रश्न आधी विचारला जात नाही, ही आमची चिंता आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. सुखवस्तू घरात वाढलेला सोण भिक्खू झाला आणि त्याने चंक्रमणाचा इतका अतिरेक केला की त्याचे तळपाय रक्तबंबाळ झाले. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि सैल सोडली तरीही वाजत नाही. या प्रसंगाचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. भगवंतांनी चंक्रमण बंद करविले नाही. भिक्खूंना पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली. ध्येय कायम ठेवून प्रयत्नांचे प्रमाण आणि साधन शरीराला जुळवून घ्यावे, हाच त्याचा बोध होय.

आजच्या तीव्र व्यायामामागील शास्त्रही हेच सांगते. जपानी संशोधक इझुमी तबाता यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या पद्धतीचा मोठा आधार मानला जातो. वीस सेकंद सर्वशक्तीनिशी श्रम, दहा सेकंद विश्रांती आणि अशी सात-आठ आवर्तने, असे त्याचे स्वरूप होते. परंतु तो प्रयोग सायकलयंत्रावर झाला आणि त्यात भाग घेणारे शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी होते. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने तोच नियम फरशीवर उड्या मारून पाळावा, असे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही.

म्हणून कार्यक्रम निवडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत, असे आम्हास वाटते. पहिला प्रश्न श्रमाचा. सोयाबीनची सोंगणी किंवा निंदण करून सायंकाळी घरी येणाऱ्या बाईला आणखी घाम गाळण्याची नव्हे, तर वाकलेली पाठ सरळ करणाऱ्या हलक्या व्यायामाची आणि झोपेची गरज असते. दुसरा प्रश्न अन्नाचा. देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. ज्या ताटात डाळ, अंडी, हिरवी भाजी पुरेशी नाही, त्या ताटावर तीव्र व्यायाम उभा राहत नाही.

तिसरा प्रश्न रक्ताचा असून तो आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेल लक्षणीय प्रमाणात आढळतो. आई आणि वडील या दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेल्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा कार्यक्रम करूच नये. एकाकडूनच ते आलेला वाहक मात्र एरवी निरोगी दिसतो. पुष्कळदा त्याला स्वतःलाही त्याची कल्पना नसते. अमेरिकी सैन्यातील कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. अतिश्रमाने स्नायू विघटित होण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट आढळला. त्या सैन्यात पाणी, विश्रांती आणि उष्णतेपासून संरक्षण यांचे नियम पाळले जात होते, हेही लक्षात घ्यावे. याचा अर्थ वाहकाने मैदान सोडावे असा नाही. त्याने भार हळूहळू वाढवावा, भरपूर पाणी प्यावे, वैशाखाच्या उन्हात किंवा तापलेल्या टिनाखाली जोर करू नये आणि थकवा आला की थांबावे. मात्र त्यासाठी आपण वाहक आहोत हे आधी माहीत असावे लागते. ते एका साध्या रक्तचाचणीने कळते.

भरतीच्या उमेदवारांसाठी वेगळे सांगणे आवश्यक आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेथे तीव्र सराव टाळता येणार नाही. परंतु जाहिरात निघाल्यावर सुरू केलेला महिन्याभराचा अट्टहास पायाच्या नळीचे हाड दुखावतो आणि ऐन चाचणीच्या दिवशी उमेदवाराला घरी बसवितो. त्याऐवजी सहा महिन्यांचा क्रमशः वाढणारा सराव धरावा.

इतरांनी चालण्यापासून आरंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा मानला आहे. भरभर चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम गती समजावी. एवढे दोन-तीन महिने सुखाने साधले, गुडघे-कंबर कुरकुरली नाही, तर तीव्र कार्यक्रमाचा विचार अवश्य करावा. छातीत दाटणे, भोवळ येणे, सहन न होणारी स्नायुवेदना किंवा कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.

निवासी शाळांनी येथे पुढाकार घ्यावा, असे आमचे मत आहे. पालकांच्या संमतीने प्रत्येक विद्यार्थ्याची सिकलसेल चाचणी प्रवेशाच्या वर्षीच व्हावी. तिचा निष्कर्ष गोपनीय ठेवून पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना कळवावा. त्यावरून कोणत्याही मुलाला खेळातून वगळू नये. माजी विद्यार्थ्यांनी देणगी देताना कवायतीच्या मैदानावर सावली आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांचाही विचार करावा. पहाटेच्या प्रार्थनेनंतर दररोज अर्धा तास मैदानावर काढण्याची सवय ज्यांना शालेय वयात लागते, त्यांना पुढे नव्वद दिवसांच्या आश्वासनांची फारशी गरज भासत नाही.