केळीचा शेंडा कोठे असतो?

केळीचे कोवळे, अद्याप न निसवलेले झाड जमिनीपासून हातभर उंचीवर विळ्याने आडवे कापले, तर दुसऱ्या दिवशी त्या कापलेल्या बुंध्याच्या ऐन मध्यातून गुंडाळलेल्या पानाची पोपटी सुरळी वर आलेली दिसते, ही गोष्ट वरणगावच्या, किंबहुना तापीच्या दोन्ही काठांवरील कोणत्याही गावच्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावी लागत नाही; ती त्याने बापाच्या मागे बागेत हिंडताना अनेकदा पाहिलेली असते. परंतु हेच दृश्य नाव न सांगता प्रश्नपत्रिकेत घातले, आणि ‘एका वनस्पतीचे खोड आडवे कापल्यावर बाजूच्या कलिका न फुटता कापलेल्या भागाच्या मध्यातूनच नवे पान वर येते, कारण सांगा’ असे विचारले, तर बारावीत जीवशास्त्राचे उत्तम गुण मिळविणारा तोच मुलगा बहुधा असे लिहितो, की अग्रकलिका नष्ट झाल्यामुळे ऑक्झिनचा पुरवठा थांबला, अग्रप्रभाव संपला आणि पार्श्वकलिकांची वाढ सुरू झाली. हे उत्तर त्याच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि आपल्या ठिकाणी ते सत्यही आहे. मात्र समोरच्या प्रश्नात बाजूच्या कलिका फुटल्या नाहीत असे स्वच्छ लिहिलेले असताना त्याने ते लिहिले, म्हणजे त्याने प्रश्न वाचला नाही, प्रश्नातला एक ओळखीचा शब्द वाचला आणि त्या शब्दाला जोडून ठेवलेले उत्तर उतरवून दिले.

वास्तविक या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर देण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी आहे. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खोडच नव्हे, ते एकावर एक घट्ट गुंडाळलेल्या पानांच्या तळांचे आभासी खोड आहे, आणि खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, हे त्याने वनस्पतींच्या रूपशास्त्रात वाचलेले असते; वाढीचा बिंदू खोडाच्या टोकाशी असतो हे ऊतींच्या प्रकरणात वाचलेले असते. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली, की वाढीचा बिंदू कंदाच्या माथ्यावर, जमिनीलगत सुरक्षित राहिला, विळा त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, कापली गेली ती केवळ पाने, आणि आतले कोवळे पान आपल्या चालीने वर येतच राहिले, असा उलगडा आपोआप होतो. इतकेच नव्हे, तर एक पाऊल पुढे जाऊन त्याला हेही सांगता यावे, की केळी निसवण्याच्या सुमारास तोच वाढीचा बिंदू फुलोऱ्याचे रूप घेतो, खरे खोड आभासी खोडाच्या पोकळीतून वर चढते आणि शेंड्याशी कमळ बाहेर पडते. म्हणून त्यानंतर झाड कापले तर सुरळी येत नाही, आणि घड उतरल्यावर पुढच्या पिकाची आशा कंदातून फुटणाऱ्या मुनव्यांवर ठेवावी लागते. पिलबाग धरणाऱ्या शेतकऱ्याचा सारा व्यवहार या एका जैविक वस्तुस्थितीवर उभा आहे. दोन प्रकरणांतली दोन वाक्ये मुलाच्या मनात वर्षानुवर्षे शेजारी राहतात, परंतु त्यांची परस्परांशी ओळख करून देणारा कोणी भेटत नाही, हे आपल्या जीवशास्त्राच्या अध्यापनातील मुख्य वैगुण्य आहे, आणि त्याविषयीच मला लिहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाठांतराची निंदा करण्याचा शिरस्ता अलीकडे फार पडला आहे. तो मला मान्य नाही. ज्याला कंद म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला, तो कितीही बुद्धिमान असला तरी, वरचा प्रश्न सुटणार नाही. जीवशास्त्र हे नामांचे, रचनांचे आणि अपवादांचे शास्त्र आहे, आणि स्मरणाचा भरभक्कम साठा असल्याशिवाय त्यात एक पाऊलही टाकता येत नाही. तक्रार आहे ती अशी, की आपण साठा करवून घेतो आणि त्याचा वापर करण्याची तालीम मात्र देत नाही. आणि मग परीक्षेत एखादा नवखा प्रश्न आला, म्हणजे पालक, विद्यार्थी आणि कधीकधी अध्यापकसुद्धा ‘हा अभ्यासक्रमाबाहेरचा आहे’ अशी कैफियत मांडू लागतात. तो प्रश्न अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नसतो, वहीच्या बाहेरचा असतो.

कापसाचे उदाहरण घ्या, कारण खानदेशात त्याहून जवळचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक, त्यापासून बनणारे निष्क्रिय प्रथिन, अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात त्याचे सक्रिय होणे, आतड्याच्या पेशींना छिद्रे पडून अळीचे मरणे, ही सारी साखळी बारावीचा विद्यार्थी एका श्वासात सांगतो. त्याच्याच घरी ज्या ४५० ग्रॅमच्या पाकिटातून बियाणे आले, त्यासोबत बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे एक लहान पाकीटही कित्येक वर्षे येत असे, आणि ते शेताच्या कडेने लावण्याऐवजी बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहत असे, हेही त्याने पाहिलेले असते. आता त्याला विचारावे, की ज्या कापसाला अळी खाईल असा कापूस मुद्दाम लावण्यास कंपनी आणि सरकार का सांगत होते? याचे उत्तर जैवतंत्रज्ञानाच्या प्रकरणात सापडत नाही. ते उत्क्रांतीच्या आणि आनुवंशिकतेच्या प्रकरणांत आहे. विषाला न जुमानणाऱ्या मोजक्या अळ्या निसर्गतः कोठेतरी असतातच. सगळीकडे बीटीच असेल तर केवळ त्याच जगतात, त्यांचेच पतंग आपसांत मीलन करतात आणि प्रतिकारक्षम वंश वाढतो. कडेच्या साध्या कापसावर पोसलेले, विषाला बळी पडू शकणारे पतंग जर विपुल असतील, तर त्या मोजक्या प्रतिकारक्षम पतंगांची गाठ बहुधा त्यांच्याशी पडते, आणि प्रतिकाराचा गुण अप्रभावी असेल तर त्यांची संतती बीटीवर पुन्हा मरते.

हा धडा महाराष्ट्राने फार महाग किंमत देऊन घेतला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापसाची जी दैना केली, ती ज्यांनी पाहिली त्यांना वेगळे सांगावयास नको. आणि येथेच एक असा प्रश्न उभा राहतो, जो कोणत्याही प्रवेशपरीक्षेत शोभावा: त्याच शेतात, त्याच बीटीवर, हिरव्या म्हणजे अमेरिकन बोंडअळीने तसा उच्छाद का मांडला नाही? ज्याला केवळ बीटीची साखळी पाठ आहे तो येथे थबकतो. परंतु हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर, टोमॅटोवरही जगते आणि गुलाबी अळी जवळजवळ सर्वस्वी कापसावर अवलंबून असते, एवढी माहिती त्याच्या हाती दिली, की विचारास लागलेला विद्यार्थी म्हणेल, हिरव्या अळीला निसर्गानेच आश्रयाची पिके देऊन ठेवली आहेत. तिच्यातील साधे पतंग तुरीच्या शेतातून येत राहतात, गुलाबीचे मात्र कोठूनही येत नाहीत. आणि जो शेतकऱ्याच्या घरचा असेल तो आणखी एक गोष्ट जोडील, की फरदड धरून कापूस उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभा ठेवला, तर त्या अळीच्या पिढ्यांना खंड म्हणून पडत नाही. असे उत्तर देणाऱ्या मुलाने शास्त्र आत्मसात केले असे मी निःसंशय म्हणेन, मग एखाद्या प्रथिनाचे नाव त्याच्या हातून चुकले तरी चालेल.

आता शेताबाहेरचे एक उदाहरण. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-चोपड्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण असलेली आदिवासी कुटुंबे आहेत. तेथील दवाखान्यात एखादी आई विचारते, की आम्ही दोघेही वाहक, पहिली तिन्ही मुले धडधाकट निघाली, आता चौथे आजारी निघणार काय? वाटाण्याच्या रोपांची चौकट अचूक मांडणारे कित्येक विद्यार्थी येथे ‘चारांत एक, म्हणून आता पाळी आली’ असे सांगून मोकळे होतात. प्रत्येक गर्भधारणेत धोका नव्याने पंचवीस टक्केच असतो, आधीच्या तीन मुलांचा चौथ्यावर काहीही अंमल नसतो, एवढे उमजण्यासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. २०२३ च्या जुलैपासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि तिचे उद्दिष्ट २०४७ सालाचे ठेवलेले आहे. त्या मोहिमेत उद्या ज्यांनी घरोघर जाऊन समजूत घालावयाची, ते आज आपल्याच वर्गांत बसलेले आहेत.

नवखा प्रश्न पुढे आल्यावर मन कसे चालवावे, हे शिकविता येते, असा माझा विश्वास आहे. समजा विचारले, की जलपर्णीने पूर्ण झाकलेल्या एका तळ्यातील मासे पहाटेच्या वेळी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागतात. वनस्पती प्राणवायू देतात, तर मग असे का? प्रश्नातील अनोळखी नाव, अनोळखी स्थळ हा बहुधा नुसता वेष असतो. तो उतरवून आत कोणती जुनी ओळखीची क्रिया आहे ते पाहावे. वनस्पती केवळ उजेडात प्राणवायू सोडतात, श्वसन मात्र अहोरात्र करतात. जलपर्णीची पाने पाण्याच्या वर आहेत, म्हणजे त्यांचा प्राणवायू हवेत जातो. आणि तिच्या सावलीमुळे पाण्यातील शैवालांना दिवसाही उजेड मिळत नाही. पहाट म्हणजे रात्रभराच्या श्वसनाचा शेवट. इतक्या पायऱ्या फळ्यावर मांडून, प्रत्येक पायरीला ‘हे तुला कशावरून समजले?’ असे विचारीत जाणारा अध्यापक भेटला, तर विद्यार्थी दोन-चार महिन्यांत अनोळखी प्रश्नाला भिणे सोडून देतो. विहिरीत पोहण्यास शिकणाऱ्या पोराला काठावर बसवून पोहण्याचे नियम घोकवीत नाहीत. कमरेला दोर बांधून पाण्यात सोडतात.

आज मात्र सारी यंत्रणा नेमकी उलट दिशेने राबते आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. या हिशेबाने विचार करणे हेच तोट्याचे ठरते, अशी समजूत शिकवणीवर्गांनी करून दिली आहे. वरणगावच्या आयुधनिर्माणीच्या वसाहतीतून, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून आणि आसपासच्या खेड्यांतून मुले लातूरला, कोट्याला पाठविली जातात. घरची माणसे त्यासाठी पोटाला चिमटा घेतात. आणि त्या दोन वर्षांत मुलाकडून पाठ्यपुस्तकाची ओळ अन् ओळ वदवून घेतली जाते. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. परंतु केंद्रीय मंडळाने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेत निम्मा भाग उपयोजनाच्या प्रश्नांसाठी राखला आहे, हे ध्यानात घेतले तर वारा कोणत्या दिशेस वळला आहे हे समजण्यास वेळ लागू नये. शिवाय आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत मराठीत विचार केलेला मुलगा अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसतो. भाषा समजत नाही म्हणून तो वाक्येच्या वाक्ये पाठ करतो, आणि न समजलेले वाक्य नव्या ठिकाणी वापरता येणे अशक्यच असते. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, पण तिचा लाभ मोजकेच घेतात. निदान वर्गातील चर्चा तरी मुलाच्या भाषेत व्हावी, मुनवे, पिलबाग आणि फरदड हे शब्द प्रयोगशाळेच्या दारात अडवले जाऊ नयेत.

आणि खानदेशाला असे विचार करविणारे अध्यापन नवे आहे असे कोणी समजू नये. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले, तेव्हा व्ही. जी. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली त्या केंद्राने ग्रामीण शाळांतील विज्ञानाचे अध्यापन सुधारण्याचा आपला आरंभीचा प्रकल्प कोठे न्यावा, तर याच जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याला, तेथील जनता शिक्षण मंडळाच्या साहाय्याने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतील मास्तर एकत्र बसून विज्ञान कसे शिकवावे याचा विचार करीत होते, हा आपल्या जिल्ह्याच्या दप्तरातील अभिमानाचा दाखला आहे, आणि तो पुढे चालविण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

म्हणून या जिल्ह्यातील जीवशास्त्राच्या अध्यापकांना माझी विनंती आहे, की येत्या सहामाही परीक्षेत प्रत्येकाने कोणत्याही मार्गदर्शकात न सापडणारा, स्वतः आपल्या गावच्या शिवारातून घेतलेला किमान एक पाच गुणांचा प्रश्न घालावा. उत्तर चुकले तरी विचाराची पायरी बरोबर असेल तर तिचे गुण द्यावेत. आणि उत्तरपत्रिका परत देताना त्या एका प्रश्नावर संपूर्ण तास खर्च करावा. पालकांनी त्यावर तक्रारीचे अर्ज करू नयेत. आणि राज्य मंडळाने बारावीच्या जीवशास्त्राच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत अशा प्रश्नांसाठी निश्चित गुणांची तरतूद करून तसे परिपत्रक शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच काढावे.