तुमच्या घराचा मेन कॉक कुठे आहे?

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. घरातलं सगळं पाणी या क्षणी बंद करायचं झालं, तर तुमचा हात कुठे जाईल? थांबा, मिस्टरांना विचारू नका. स्वतः आठवून बघा.

मला नव्हतं आठवलं. दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली रात्र. हे एका लग्नासाठी बाहेरगावी गेलेले. घरात मी, सासूबाई आणि लेक. रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून फस्सकन आवाज आला. दिवा लावून बघते तर सिंकखालचा जाळीचा पाईप नटापाशी फाटलेला आणि पाण्याचा फवारा थेट पिठाच्या डब्यांवर! अँगल कॉक फिरवायला गेले, तर तो जागच्या जागी घट्ट. बसवल्यापासून कुणी त्याला हातच लावला नव्हता. जोर लावला तर त्याची मूठ तुटून माझ्या हातात आली.

"अगं, वरून बंद कर, वरून!" सासूबाई ओरडत होत्या. वरून म्हणजे कुठून? गच्चीवर टाकीपाशी तीन पाईप, तीन कॉक. स्वयंपाकघराचा कोणता? अंधारात तिन्ही फिरवून पाहिले. दोन फिरले, पाणी काही थांबलं नाही. तिसरा गंजून बसलेला, आणि नेमका तोच आमचा! पाचशे लिटरची टाकी रिकामी झाली तेव्हा कुठे पाणी थांबलं. मी खाली आले तर सासूबाई ओल्या फरशीवर बसलेल्या, मनगट धरून. फडकी घेऊन धावताना घसरल्या होत्या. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये होता. एक कॉक वर्षातून दोनदा फिरवला असता, तर एवढ्यावर गेलंच नसतं.

सकाळी प्लंबर आला. काय झालं ते मी सविस्तर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, साहेब कधी येणार? त्यांच्याशीच बोलतो ना."

खरं सांगते, रात्रीच्या पाण्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. गेली वीस वर्षं या घरात पाणी मी भरते. नळाला कधी येतं, किती वेळ टिकतं, कोणत्या दिवशी गढूळ येतं, हे मला पाठ. आणि पाईपाबद्दल बोलायचं ते साहेबांशी! साहेबांना फोन लावला तर ते म्हणाले, "मला काय माहीत? कॉन्ट्रॅक्टरला विचार." म्हणजे आमच्याच घरातलं पाणी कुठून कुठे जातं, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्याही घरात बघा. सिंकचा नळ इतका खाली की त्याखाली हंडा मावत नाही. वॉशिंग मशीनसाठी नळच काढलेला नाही. मेन कॉक कपाटामागे गेलेला. का? कारण घर बांधताना नळ कुठे आणि किती उंचीवर, हे ठरवताना त्या नळाखाली रोज उभी राहणारी बाई तिथे नव्हती. तिला विचारलं फक्त टाइल्सच्या रंगाबद्दल!

गोरेगावच्या मृणाल गोरे आठवतात? १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. लोकांना पाणी मिळावं म्हणून त्या इतक्या झगडल्या की 'पाणीवाली बाई' हेच त्यांचं नाव झालं. पाणी दारापर्यंत यावं यासाठी बायका रस्त्यावर उतरल्या. आणि दारातून आत आल्यावर मात्र ते पाणी आपण 'साहेबां'च्या हवाली केलं. हे काही बरोबर नाही.

म्हणून त्या दिवशी मी ठरवलं, आपण शिकायचं. प्लंबर काम करत असताना शेजारी उभी राहिले आणि एकेक विचारत गेले. सुरुवातीला तो वैतागला, मग मात्र उत्साहानं सांगू लागला. जे कळलं ते तुम्हालाही सांगते.

पहिलं, कॉक. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्याचा एक, टाकीतून खाली येणाऱ्या प्रत्येक पाईपाचा एक, आणि सिंक, बेसिन, फ्लशच्या टाकीखाली एकेक अँगल कॉक. कोणता कशाचा, ते ऑइलपेंटनं शेजारी लिहून ठेवा. अधूनमधून प्रत्येक कॉक बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे तो बसणार नाही. घरातल्या मुलांनाही दाखवा. जाळीच्या पाईपाचा नट गंजलेला किंवा जाळीची तार सुटलेली दिसली, तर फुटायची वाट बघू नका.

दुसरं, ठिबकणारा नळ. आपण काय करतो? तो आणखी जोरात आवळतो. त्यानं वॉशर चिरडतो आणि आतली बैठकही खराब होते. जुन्या फिरकीच्या नळाचा वॉशर अगदी स्वस्तात मिळतो. कॉक बंद करायचा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं, पान्ह्यानं वरचा भाग काढायचा आणि वॉशर बदलायचा. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वॉशर नसतो, आतला अख्खा भाग बदलावा लागतो. आणि 'थेंबानं काय होतं' असं वाटत असेल, तर नळाखाली तांब्या ठेवून बघा. तासाला एक लिटर भरला तर दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० लिटर झालं!

तिसरं, फ्लशची टाकी. ती आतल्या आत गळत असेल तर आवाजही येत नाही. टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर गळती आहे असं समजा.

चौथं, गिझर. टाकीच्या गिझरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थोडं थेंब थेंब पडतं. ते पडतंय म्हणून त्याला बूच मारू नका. आत वाढलेला दाब बाहेर पडायची ती वाट आहे. सारखंच गळत असेल तर माणूस बोलवा. आणि गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसीचा पाईप हवा. साधा पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्यानं नरम पडतो.

पाचवं सगळ्यात महत्त्वाचं, पिण्याचं पाणी. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळ येतं. ते गेलं की पाईप रिकामा होतो आणि आत ओढ निर्माण होते. कितीतरी घरांची जोडणी गटारातूनच आलेली असते. तिथे पाईपाला बारीकशी चीर असली, तरी गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाला थेट मोटर लावली तर आणखीच! म्हणून पहिलं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची केवढी मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा गटारातला पाईप हा काही फक्त प्लंबरचा विषय नाही. घरात लेक बाळंतपणाला आली असेल, तर तो आधी आपला विषय आहे.

अर्थात सगळंच आपण करायचं असं मी म्हणत नाही. आधीच कामं काय कमी आहेत! भिंत फोडायचं काम जाणकारानंच करावं. पण काय बिघडलंय हे कळलं, तर कुणी आपल्याला फसवत नाही आणि 'साहेबांना बोलवा' असंही म्हणत नाही. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तो मुलींनाही खुला आहे. आणि २०११ पासून महाराष्ट्रात नगरपालिकांच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेला भेटून 'गल्लीतल्या गटारातले पाईप कधी बदलणार?' हे विचारायला काय हरकत आहे? एकटीनं नको, चौघीजणी मिळून जा.

परवा तोच प्लंबर शेजारी आला होता. जाता जाता दारातून विचारलं, "वहिनी, तुमच्या वरच्या टाकीचा बॉल कॉक कसा चाललाय?" साहेब घरातच होते, पेपर वाचत. पण विचारलं मला!

तेव्हा आज संध्याकाळी एवढंच करा. पदर खोचा, गच्चीवर जा आणि तुमच्या स्वयंपाकघराचा कॉक एकदा बंद करून उघडून बघा. फिरला तर उत्तम. नाही फिरला, तर रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं, नाही का?