उपकरण मुलींच्या हाती द्या

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपण शाळेत डॉ. सी. व्ही. रामन यांच्या तसबिरीला हार घालतो. त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या आणि पुढे पुण्याच्या वेधशाळेत मोठे काम केलेल्या अन्ना मणी यांचे नाव मात्र आपल्या विज्ञान फलकावर कधी आले नाही. ते यावे, आणि केवळ फलकापुरते राहू नये, असे आम्हांला वाटते.

अन्ना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. घर सधन होते, पण मुलग्यांनी शिकावे आणि मुलींनी लग्न करावे हीच रीत. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या देण्याची घरची पद्धत होती. या मुलीने कुड्या नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले! १९३९ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेऊन १९४० मध्ये त्या बंगळुरूला रामन यांच्याकडे संशोधनासाठी आल्या.

गंमत पाहा, तिथे त्यांच्या वाट्याला हिरेच आले. तीसहून अधिक हिऱ्यांच्या प्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला. एकेका हिऱ्याच्या मंद प्रकाशाची नोंद छायाचित्रणाच्या काचेवर उमटायला पंधरा-वीस तास लागत. त्यासाठी त्या रात्र रात्र जागत. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले, १९४५ मध्ये प्रबंधही सादर झाला. पण एम.एस्सी. नाही या कारणाने मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. त्या रडत बसल्या नाहीत. सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन त्या हवामानाची उपकरणे शिकल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या.

तेव्हा पर्जन्यमापक, तापमापक यांसारखी साधी साधनेही बहुतांशी परदेशातून येत. ती इथेच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात देशभर सूर्यप्रकाश मोजणारी केंद्रे उभारली. १९७६ मध्ये हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून त्या निवृत्त झाल्या. भारतातील सौर प्रारणाच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये निघाला. आज गच्चीगच्चीवर सौर पट्ट्या बसताना दिसतात. कुठे किती ऊन पडते याचा पक्का हिशेब आपल्या देशाजवळ असण्यामागे या बाईंचे कष्ट आहेत. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

बाई असल्यामुळे आपले काही अडले, हे अन्ना मणी फारसे मान्य करीत नसत. तरीही एक गोष्ट त्यांनी सांगून ठेवली आहे. उपकरण हाताळताना एखाद्या मुलीची बारीकशी चूक झाली, तरी बायकांना हे जमतच नाही, असा बोभाटा लगेच होई.

आता आपल्या प्रयोगशाळेत डोकावू या. चार जणांच्या गटात सूक्ष्मदर्शक आणि व्होल्टमीटर कोणाच्या हाती असतो? बहुतेक वेळा मुलाच्या. अक्षर चांगले म्हणून वही मुलीकडे. आम्ही शिक्षकही हे चालू देतो, ही आमची चूक. घरी पालक म्हणतात, "तू हात लावू नकोस, तुटेल." मुलगी प्रात्यक्षिकाच्या वहीत पूर्ण गुण मिळवते आणि दहावीनंतर म्हणते, विज्ञान माझ्यासाठी नाही. पाण्यात न उतरवता पोहायचे कसे शिकवणार?

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. प्रात्यक्षिकाच्या तासाला उपकरण आणि वही दर आठवड्याला हात बदलोत. विश्वस्त मंडळाने फुटतुटीसाठी अंदाजपत्रकात थोडी तरतूद करावी, म्हणजे फुटलेल्या परीक्षानळीचा दंड मुलांच्या मनावर बसणार नाही. आणि येत्या जूनपासून शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद मुलामुलींनी पाळीपाळीने घ्यावी. नोंद चुकली तर ओरडू नये, पुन्हा मोजायला सांगावे.

मुलींनो, तुम्हीही संकोच सोडा. पुढच्या तासाला वही शेजाऱ्याकडे द्या आणि व्होल्टमीटर आपल्याकडे ओढा. तुटले तर पाहून घेऊ.