आधी जमीन मोजा, मग मशीन आणा

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. गिऱ्हाईक दुकानात आले की आधी अंगाचे माप विचारायचे, मग थान उलगडायचे. माप न घेता कापड फाडणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. मात्र हेच आपले व्यापारी बांधव यंत्र घ्यायला निघाले की गज-टेप घरी विसरतात. दुकानात उभी असलेली चकाचक मशीन पाहतात, तिच्यावर बसून पाहतात, आणि तिथेच सौदा पक्का होतो. जमीन किती, कशी, तिथे गवत किती महिने उगवते, याचा हिशेब मशीन घरी आल्यावर सुरू होतो.

गेल्या काही वर्षांत बसून चालवायच्या गवत कापणीच्या मशीन, म्हणजे राइड-ऑन मोअर, आपल्याकडेही दिसू लागल्या आहेत. लग्नाचे लॉन्स चालवणारे, कर्जत-खोपोलीकडे फार्महाऊस घेणारे, कोकणात बाग राखणारे, शाळा आणि ईदगाहचे ट्रस्ट सांभाळणारे अशा अनेकांच्या मनात ही मशीन भरली आहे. मशीन वाईट नाही. पण ती कोणाच्या जमिनीला शोभते आणि कोणाच्या जमिनीला नाही, याबद्दल चार गोष्टी लिहाव्यात असे वाटले. त्याला कारण आहे, आणि ते माझ्याच चुकीचे आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जमातीची शाळा आहे. सातबाऱ्यावर जमीन ८० आर, म्हणजे साधारण दोन एकर. काही वर्षांपूर्वी मैदानाच्या गवतासाठी मशीन घ्यायचे ठरले. कमिटीत दोन मते पडली. आमच्या एका बुजुर्ग सभासदांनी लहान मशीन सुचवली. मी मात्र म्हणालो, "चाचा, घ्यायचीच तर मोठी घेऊ, पुन्हा पुन्हा कोण देणगी मागत बसणार?" ठराव माझा होता, तो मंजूर झाला. ५४ इंच पात्याची मशीन आली.

पहिल्याच दिवशी ती फाटकातून आत जाईना. फाटक पाच फुटांचे. पाते साडेचार फुटांचे असले तरी कापलेले गवत बाहेर फेकणारे तोंड बाजूला आणखी पुढे आलेले असते. फाटकाचा एक खांब पाडावा लागला. दुसऱ्या महिन्यात पाते जांभ्या दगडावर आदळले आणि त्याचा दांडा वाकला. सुटा भाग परदेशातून यायचा होता. तो आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि गवत वाळून गेले होते. पुढच्या जूनमध्ये टाकीतले जुने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखे चिकटले होते आणि तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या. आज ती मशीन ताडपत्रीखाली उभी आहे. मैदान दोन मजूर ब्रश कटरने साफ करतात. पैसा माझा असता तर मी गप्प बसलो असतो. पण तो मुंबई-भिवंडीत आणि आखातात राबणाऱ्या लोकांच्या घामाचा होता. अमानतीच्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो, म्हणून हा लेख.

चूक कुठे झाली? पहिली चूक मोजणीत. सातबाऱ्यावर दोन एकर म्हणजे दोन एकर गवत नव्हे. शेतकऱ्याला पोटखराबा वजा करणे ठाऊक असते, आम्हा व्यापाऱ्यांना नसते. शाळेची इमारत, अंगण, रस्ता, विहीर, झाडांची बुंधे, खेळपट्टी आणि कातळ वजा केल्यावर हिरवे गवत उरले सुमारे ४५ गुंठे. मशीन या ४५ गुंठ्यांसाठी घ्यायची होती. सातबाऱ्यावरच्या ८० आरांशी तिचा संबंध नव्हता. (४० गुंठ्यांचा एकर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच, हे धरून चालावे.)

दुसरी चूक वेळेच्या हिशेबात. मशीन एका तासात किती गवत कापते हे काढायला डीलरची गरज नाही. पात्याची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तासाच्या वेगाने गुणा आणि त्यातून पाचवा हिस्सा कमी करा. वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे यांत तेवढा वेळ जातोच.

या हिशेबाने हाताने ढकलायची २१ इंची मशीन, ताशी चार किलोमीटर चालीने, तासाला १६-१७ गुंठे कापते. ३० इंची बसायची मशीन ताशी पाच किलोमीटरने सुमारे ३० गुंठे कापते. ४२ इंची मशीन ताशी सहा किलोमीटरने सुमारे ५० गुंठे. ५४ इंची मशीन ताशी आठ किलोमीटरने ८५ गुंठ्यांच्या पुढे जाते. कागदावर हा शेवटचा आकडा फार गोड दिसतो. पण ताशी आठ किलोमीटर हा वेग सपाट, मोकळ्या, दगड नसलेल्या हिरवळीवरचा आहे. खड्डे, झाडे आणि दगड असलेल्या मैदानावर चालवणारा तीन-चार किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही. मग मोठ्या पात्याचा फायदा अर्ध्यावर येतो आणि किंमत मात्र पुरी मोजलेली असते. शिवाय रुंद पाते उंचसखल जमिनीवर एका बाजूला माती खरवडते, दुसऱ्या बाजूला गवत सोडते.

तिसरी चूक सर्वांत मोठी, वर्षाच्या हिशेबाची. विलायतेत आणि अमेरिकेत घराभोवती हिरवळ राखतात. तिथे पाऊस बराचसा वर्षभर विभागून पडतो, गवत वसंतापासून शरदापर्यंत वाढत राहते आणि आठवड्याला एकदा मशीन फिरते. आपल्याकडे पाणी न देता वाढणारे गवत जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे. दर दहा दिवसांनी एक फेरी धरली तरी वर्षात चौदा फेऱ्या होतात. एक तासाची फेरी, म्हणजे वर्षाला चौदा तास. चौदा तासांसाठी मोठे भांडवल अडकवून साडेसात महिने छपराखाली उभे करणे, ही कुठली तिजारत? माग वर्षाला चौदा तास चालला असता तर आपण तो विकत घेतला असता का? लग्नाच्या लॉन्सचा मालक बाराही महिने पाणी देतो, त्याच्या पन्नास फेऱ्या होतात. त्याचा हिशेब वेगळा आणि त्याला ही मशीन परवडू शकते. म्हणून शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. शेजाऱ्याचे गवत किती फेऱ्यांचे आहे ते आधी विचारावे.

आता जमिनीच्या मापाने काय घ्यावे, ते थोडक्यात सांगतो. ही मापे निव्वळ गवताची आहेत.

दहा गुंठ्यांपर्यंत हाताने ढकलायची मशीन पुरे, विजेची असली तरी चालते. दहा ते पंचवीस गुंठ्यांना चाके स्वतः फिरवणारी, मागून चालत जायची मशीन घ्यावी. पंचवीस गुंठे ते एक एकर जागा सपाट असेल तर ३० ते ३८ इंची लहान राइड-ऑन. एक ते अडीच एकरांना ४२ ते ४६ इंची लॉन ट्रॅक्टर. तीन एकर आणि त्यापुढे मोकळे मैदान असेल तरच ४८ ते ५४ इंची मशीन, किंवा झिरो-टर्न म्हणतात ती दोन दांड्यांनी चालणारी, जागच्या जागी वळणारी मशीन. आणि पाच एकरांच्या पुढे, विशेषतः घरी ट्रॅक्टर असेल तर, वेगळे इंजिन विकत घेऊच नये. ट्रॅक्टरमागे जोडायचे गवत कापायचे अवजार घ्यावे.

आमच्या शाळेच्या ४५ गुंठ्यांना ४२ इंची मशीनला जेमतेम तास लागला असता. मागून चालायच्या मशीनला पावणेतीन तास लागले असते. शिपाई पगारावर आहेच. जागा दगडाची होती, म्हणजे पावणेतीन तासांचीच मशीन योग्य होती. चाचा बरोबर होते.

मापाबरोबर तीन गोष्टी प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहाव्यात.

पहिली, उतार. बसून चालवायची मशीन उलटून माणसे दगावतात. १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर तिच्यावर बसू नये, झिरो-टर्न तर त्याहून कमी उतारावरच ठीक. अंश मोजायचे कसे? दहा फुटांची दोरी उताराच्या वरच्या टोकापासून आडवी, समतल धरा आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. अडीच फुटांपेक्षा जास्त भरले तर तिथे ब्रश कटरच बरा. बसायची मशीन उतारावर वर-खाली चालवावी, आडवी नव्हे. आणि लहान मुलाला लाडाने मांडीवर घेऊन कधीही चालवू नये.

दुसरी, गवताची जात आणि उंची. ही मशीन हिरवळीसाठी बनली आहे. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. कोकणातल्या बागेत कमरेएवढे गवत आणि झुडपे असतात. तिथे ही मशीन घालणे म्हणजे शिंप्याच्या कात्रीने लाकूड तोडणे. ओल्या गवतात तर ती घसरते, चाके चिखलात रुततात आणि पात्याखाली गवताचे गोळे साचतात.

तिसरी, सुटे भाग. पाते, पट्टा, फिल्टर आणि पात्याचा दांडा जिल्ह्याच्या गावी मिळतात का, आणि जुलैत मशीन बंद पडली तर किती दिवसांत मेकॅनिक येतो, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी "मिळेल ना शेठ" याला बाजारात किंमत नाही.

ट्रस्टच्या बांधवांना दोन शब्द वेगळे. कब्रस्तानात बसायची मशीन आणण्याचा विचारही करू नये. कबरींच्या उंचवट्यांमध्ये ती चालत नाही आणि अदबीलाही ते सोडून आहे. तिथे विळा आणि सावधपणे धरलेला ब्रश कटर हीच साधने. ईदगाहचे म्हणाल तर कॅलेंडर पाहा. आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. २०१६ मध्ये ईद-उल-फित्र ७ जुलैला, ऐन पावसाळ्यात होती. २०२५ मध्ये ती ३१ मार्चला आली आणि बकरी ईद ७ जूनला. पुढची बरीच वर्षे दोन्ही ईद पावसाच्या आधीच येणार. म्हणजे नमाजच्या दिवशी ईदगाहवर हिरवे गवत नसणारच. दोन दिवसांसाठी दोन मजुरांची मजुरी पुरते. मशीनसाठी चंदा कशाला?

जाता जाता आपल्या धंद्याशी नाते सांगणारी एक गोष्ट. गवत कापायचे पहिले यंत्र शेतावर जन्मलेच नाही. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचे गाव लोकरीच्या कापडासाठी मशहूर होते. तिथल्या गिरण्यांत कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी कातरण्यासाठी पाती बसवलेला फिरता रूळ वापरत. एडविन बडिंग नावाच्या कारागिराने ते पाहिले आणि विचार केला की कापडाची लव कातरते ते जमिनीवरचे गवत का कातरणार नाही? १८३० मध्ये त्याने पेटंट घेतले. त्याचे पहिले यंत्र अवघे १९ इंच रुंद होते, ढकलणारा माणूस पेलेल एवढेच. पुढे १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र बाजारात आणले आणि मशीन वाढत गेल्या. कापडाच्या कारखान्यातून निघालेली ही वस्तू आपण कापडवाल्यांनीच बिनमापाची खरेदी करावी, हे बरे दिसत नाही.

यंदा पुन्हा एका सखी दिलाच्या बांधवाने शाळेला नवी मशीन देऊ केली आहे. अल्लाह त्याच्या कमाईत बरकत देवो. या वेळी मी कमिटीपुढे दोनच मागण्या ठेवल्या आहेत. जुनी मशीन जिच्या जमिनीला शोभेल अशा एखाद्या लॉन्सवाल्याला विकून टाकावी. आणि नवीन काहीही घेण्यापूर्वी टेप घेऊन सर्व सभासदांनी मैदानावर उतरावे, गवत मोजावे, उतार मोजावा, फाटक मोजावे. दात्यालाही सोबत न्यावे. मोजल्यावर मागून चालायची मशीनच योग्य निघाली तर तसे त्याला अदबीने सांगावे, आणि उरलेल्या रकमेत मुलींच्या शाळेच्या स्वच्छतागृहाचे काम करावे.

मोठी मशीन दाराशी उभी असली की मान वाढतो असे आपल्याला वाटते. पण ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मशीन रोज शाळेत जाताना दिसते, तेव्हा मान खाली जाते. हे मी अनुभवाने सांगतो.