ओसरीवरून : ‘तो’ म्हणावं की ‘ती’?



परवा ओसरीवर सगळे शेंगा फोडत बसलो होतो. ग्रामपंचायतीचा विषय निघाला, तेव्हा मी जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची हकीकत सांगितली.

डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. अंजलीताई तृतीयपंथी. अर्जावर त्यांनी ‘स्त्री’ असं लिहिलं होतं. तृतीयपंथीयांसाठी ग्रामपंचायतीत राखीव जागाच नाही, असं म्हणून निवडणूक अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. ताई औरंगाबाद खंडपीठात गेल्या. आपण स्त्री की पुरुष हे ज्याचं त्यानं सांगावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच म्हटलं होतं. २०१९ च्या कायद्यातही तो हक्क लिहिला होता. २ जानेवारी २०२१ रोजी खंडपीठानं अर्ज घ्यायला लावला. एक अटही घातली, की पुढं सोयीसाठी पुरुष म्हणवून घ्यायचं नाही. त्याच महिन्यात मतदान झालं आणि ताई निवडून आल्या.

माझं बोलणं संपायच्या आत थोरली वहिनी म्हणाली, “भावजी, मला नाही पटत. राखीव जागा मिळाल्या तेव्हा कुठं आम्ही चावडीची पायरी चढलो. बाईपण म्हणजे नुसतं लुगडं नव्हे. विटाळ, बाळंतपण, सासुरवास सोसून येतं ते. ‘बाई’ हा शब्द सैल केला तर आमच्या हाती काय राहील?”

वहिनीचं बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या २०११ साली, आणि अजूनही कित्येक गावी सही बाईची न् कारभार नवऱ्याचा!

काकू मात्र शेंगांतून मान वर न करता म्हणाल्या, “अगं, मूल झालं नाही म्हणून मलाही लोक अर्धी बाईच म्हणायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं.”

ओसरी गप्प झाली. वहिनीनं काकूंच्या पुढ्यातलं सूप उगाच सारखं केलं.

मंडळी, आपल्या मराठीत माणसाला तो, ती नाहीतर ते केल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. ‘आला’ म्हणा की ‘आली’ म्हणा, तोंड उघडलं की निवाडा झाला! पण भाषा दिसते तेवढी कडकही नाही. कोल्हापूरकडची बाई खुशाल “मी आलो” म्हणते. तिला काय कोणी गडी समजतं?

राखीव जागांचा वाद मोठा आहे. तो ग्रामसभेत, कोर्टात मोकळेपणी व्हावा, आणि त्यात वहिनीसारख्या बायकांचं म्हणणं आधी ऐकावं. पण दारात उभ्या माणसाला कोणत्या शब्दानं हाक मारायची, त्याला कायदा कशाला हवा? आपण त्यांच्यासाठी जे शब्द वापरतो, त्यातले निम्मे तर शिव्या म्हणूनच पोरांच्या तोंडी बसलेत. ते आधी घरातून काढू.

उठताना वहिनी म्हणाली, “जागेचं मी भांडणारच. पण त्या घरी आल्या, तर ‘या ताई’ म्हणेन हो.”

मला तर एवढं पुष्कळ वाटलं. तुमच्या ओसरीवर काय ठरतं, ते कळवा.