सात देश आणि एक बाबागाडी

दहा दिवसांत सात देश! ऑफिसातल्या मित्राने हा टूरचा कार्यक्रम पाठवला आणि मी सवयीने त्याची एक्सेल शीट केली. बस, हॉटेल, बॅगा, पुन्हा बस. आमची लेक साडेतीन वर्षांची आहे. घरी ती सकाळी ७ ला उठते, म्हणजे उन्हाळ्यातल्या युरोपात पहाटे ३.३०. हे कुठल्याच कार्यक्रमात लिहिलेलं नसतं.

‘एवढा व्हिसा काढलाच आहे तर...’ हे आपलं लाडकं गणित. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना माणशी ९० युरो, सहा वर्षांखालच्या मुलांना माफ. एक देश बघा की सात, आकडा तोच. पण थाळी अनलिमिटेड आहे म्हणून पोट फुटेपर्यंत खायचं का?

आम्ही फक्त पॅरिसला जातोय. आठ दिवस, स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर, सोबत कुकर. तिथल्या मेट्रोच्या कित्येक स्टेशनांत लिफ्ट नाही. बाबागाडी उचलून जिने कोण चढणार? म्हणून बस. लुक्सांबूर बागेच्या तळ्यात मुलं काठीने लाकडी होड्या ढकलतात, तिथे दोन दुपारी. लूव्र ती कंटाळेपर्यंतच. (बहुधा २० मिनिटं.)

आई म्हणते, ‘स्वित्झर्लंड नाही, मग युरोप कसला?’ अगं, युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटरवर आहे. तिथे ही रडायला लागली तर फोटोत बर्फ दिसेल, आम्ही नाही. दोन वर्षं साठवलेले पैसे आणि रजा मला नातेवाइकांच्या ग्रुपसाठी खर्च करायची नाहीये.

आई अजून रुसलेली आहे. तिकिटं मात्र काढली.