३२ घोडे जास्त घेऊन तळेगाव चौकात उभं राहायचं का?



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण हिशोब कांद्यातच करणार आहे, त्यामुळं वाचायचं सोडू नका.

आपल्या भागात सध्या घरोघरी एक वाद चालू आहे. गाडी दारात उभी आहे, चांगली चालते, हप्ते फिटलेत. तरी पोरांना तीच गाडी 'स्पोर्टी' पाहिजे. कुणाकडं साधी व्हर्टस आहे, त्याला जीटी पाहिजे. कुणाला स्कॉर्पिओ-एन घ्यायचीय, पण १३२ पॉवरची नको, १७५ चीच पाहिजे. आमच्या दारात साधी पेट्रोल अल्ट्रोज आहे आणि पोरगा म्हणतो, "अण्णा, ही देऊन रेसर घेऊ."

पोरांना नुसतं नाही म्हणून चालत नाही. ती याच गाड्यांच्या कंपन्यांत कामाला आहेत. फोक्सवॅगन निघोजे-खराबवाडीच्या रानात २००९ पासून गाड्या बनवते. स्कॉर्पिओ-एन चाकणलाच बनते, अल्ट्रोज पिंपरीत. मर्सिडीजच्या एएमजी गाड्यासुद्धा चाकणला जोडायला लागलेत. जिथं आपण बाजरी-कांदा केला तिथं हे इंजिनं बसवतात. त्यांना गाडीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, हे मान्य करूनच बोलायला पाहिजे.

तर आधी यंत्राचं बघू.

साधी पेट्रोल अल्ट्रोज ८८ पॉवरची. जून २०२४ मध्ये आलेली रेसर १२० ची. म्हणजे ३२ घोडे जास्त. ओढ साध्या गाडीत ११५ न्यूटन मीटर, रेसरमध्ये १७०, आणि ती १७५० आरपीएमपासूनच मिळते. टर्बोचा फायदा तो हाच. व्हर्टस-टायगुनमध्ये १ लिटरचं इंजिन ११५ पॉवरचं आणि जीटीतलं दीड लिटरचं १५० चं. फरक खोटा नाही. पाय दाबला की पाठीला कळतो.

पण ट्रॅक्टरवाल्यानं एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपला ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि ही १२० ची गाडी. मग गाडीला नांगर का जोडत नाही? कारण ताकद किती याच्या आधी ती कुठं लागणार हे बघायचं असतं. ट्रॅक्टरची ताकद दोन हजार आरपीएमच्या आसपास, मोठ्या गिअरमधून, वजनदार चाकावर येते. रेसरची पुरी ताकद साडेपाच हजार आरपीएमला येते. चाकण ते भोसरी जाताना साडेपाच हजार आरपीएम करायला जागा कुठं आहे ते मला दाखवा.

सकाळच्या शिफ्टच्या टायमाला तळेगाव चौक, आंबेठाण चौक बघा. पुढं कंटेनर, मागं कंपनीची बस, बाजूला रिक्षा, मधून दुचाकी. गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढं जात नाही. नाशिक फाटा ते खेड ३० किलोमीटरच्या उन्नत रस्त्याला केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण आपण गाडी चालवतो ती मंजुरीवरून नाही, खालच्या रस्त्यावरून. तिथं ८८ घोडे आणि १२० घोडे एकाच दावणीला उभे. फरक एवढाच की दुसऱ्या दावणीचा हप्ता जास्त.

पोरं म्हणतात, रात्री रस्ता मोकळा असतो. असतो. पण ऊसतोड सुरू झाली की रात्रीच ट्रॉल्या निघतात, आणि किती ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर असतो हे आपल्याला माहीत आहे. इथं पिकअपपेक्षा ब्रेकचा हिशोब मोठा. वेग ६० वरून ८५ केला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट होतं. वेग वाढला दीडपटीपेक्षा कमी, अंतर वाढलं दुप्पट. शिवाय ८५ ला असताना डोळ्यानं बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात गाडी २३-२४ मीटर पुढं गेलेली असते. आणि वाचतं काय? २० किलोमीटर ६० नं गेलं तर २० मिनिटं, ८० नं गेलं तर १५. ती पाच मिनिटं पुढचा सिग्नल खाऊन टाकतो.

आता कांद्यातला हिशोब.

रेसर बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत ९.४९ लाखापासून १०.९९ लाखापर्यंत होती. मधलं मॉडेल १०.४९ लाखाचं. आपल्याकडं पेट्रोल गाडीला दहा लाखापर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आणि दहाच्या वर १२ टक्के. म्हणजे खालच्या मॉडेलला साधारण १ लाख ४ हजार, मधल्याला १ लाख २६ हजार. किंमत एक लाखानं वाढली की वर २१-२२ हजार टॅक्सच वाढतो. शोरूममधला पोरगा हे सांगत नाही, तो फक्त "हप्त्यात एवढासाच फरक पडतो काका" म्हणतो.

विमा धरून ती मधली गाडी सव्वाबारा लाखाला पडली असं धरा. जुनी गाडी सव्वापाच लाखाला गेली असं धरा. उरले ७ लाख. ९ टक्क्यानं पाच वर्षांचं कर्ज केलं तर हप्ता बसतो साधारण १४,५०० रुपये. पाच वर्षांत भरायचे ८ लाख ७१ हजार, त्यात व्याज पावणेदोन लाखाच्या आसपास.

चाकणच्या मार्केटला कांदा विकून, बियाणं, खत, औषध, मजुरी, पिशवी, गाडीभाडं सगळं वजा करून किलोमागं ५ रुपये हातात राहिले असं धरू. ज्या वर्षी राहतात त्या वर्षी आपण देवाला नारळ फोडतो. तर एका हप्त्याला २,९०० किलो कांदा लागतो. म्हणजे ५० किलोच्या ५८ पिशव्या. दर महिन्याला. पाच वर्षांचा मिळून १७४ टन. एकरी १० टन उतारा धरला तरी १७ एकरांचं पीक त्या गाडीत गेलं.

मिळालं काय, तर ३२ घोडे, बॉनेटवर दोन पट्टे आणि सायलेन्सरचा जरा भारी आवाज.

कुणी म्हणेल, आमचा हप्ता कांद्यातून नाही, पगारातून जाणार. चांगलं आहे. पगारातून जाणार असेल तर कमावणाऱ्यानं ठरवावं, बापानं फार बोलू नये. पण आपल्या भागात बऱ्याच घरात तो हप्ताही नसतो. रोखीनं गाडी येते, कारण जमिनीचे पैसे आलेले असतात. मला खरी भीती तिथं वाटते. जमीन एकदाच विकता येते. सातबाऱ्यावरचं नाव गेलं की त्या पैशाचं दुसरं काहीतरी उभं राहायला पाहिजे. पाच एकरांचं दोन एकर तरी दुसरीकडं, नाहीतर दोन खोल्या भाड्यानं द्यायला, नाहीतर पोरीचं शिक्षण. गाडी शोरूमच्या गेटातून बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते. जमिनीचं तसं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून लिहिणं बरोबर नाही.

रेसरमध्ये सहा एअरबॅग आहेत. सुरुवातीच्या अल्ट्रोजमध्ये दोनच होत्या. गाडी घसरायला लागली की चाकांना आपोआप वेगवेगळा ब्रेक लावणारी यंत्रणा, ईएससी म्हणतात ती, तीही रेसरमध्ये येते. हे खरं घेण्यासारखं आहे. अल्ट्रोजला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले ते दोन एअरबॅगवर, म्हणजे साधी गाडीही कच्ची नाही. पण ज्याची गाडी जुनी झालीय, एअरबॅगच नाहीत आणि तशीही बदलायचीच आहे, त्यानं सहा एअरबॅगची जरूर घ्यावी. फक्त शोरूममध्ये एवढं विचारावं की हीच सुरक्षितता साध्या इंजिनाच्या कुठल्या मॉडेलमध्ये मिळते. पुष्कळदा मिळते, आणि स्वस्तात मिळते.

जास्त ताकदीचाही एक खरा उपयोग आहे. घरची पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि भीमाशंकरचा रस्ता. समोर ट्रक, ओव्हरटेकला जागा थोडी. तिथं टर्बो लवकर पुढं काढतो आणि समोरच्या बाजूला कमी वेळ राहावं लागतं. ज्याचं महिन्यातून चार वेळा असं जाणं आहे त्याला मी अडवणार नाही. वर्षातून दोनदा जाणाऱ्यानं ट्रकच्या मागं दोन मिनिटं थांबावं.

आणि ज्यांना हे सगळं परवडत नाही म्हणून साध्या गाडीचंच इंजिन कॉम्प्युटरवर वाढवून आणायचं, सायलेन्सर बदलायचा, ते तर करूच नका. कंपनीची वॉरंटी जाते, आरटीओचा कायदा आडवा येतो आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

आपण खेड तालुक्यातली माणसं, बैलगाड्याचा नाद आपल्या रक्तात आहे. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ ला शर्यतीला परवानगी दिली तेव्हा किती गावात भंडारा उधळला ते आठवा. पण शर्यतीचा बैल आपण औताला जुंपत नाही आणि औताचा बैल घाटात पळवत नाही. शर्यतीच्या बैलाचा खुराक वेगळा, त्याला सांभाळणारा माणूस वेगळा, आणि त्याला पळायला घाट लागतो. रस्त्यावर, माणसांच्या गर्दीत त्याला कुणी सोडत नाही. गाडीचंही तेच आहे. आपल्याकडं शर्यतीचा बैल विकत मिळतो, घाट मिळत नाही.

म्हणून माझं मत असं. चालू गाडी देऊन तिचंच स्पोर्टी मॉडेल घेणं आपल्या भागात पैशाला धरून नाही. घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी करा. एक, ट्रायल एकट्यानं घेऊ नका. घरची सगळी माणसं बसवून, सकाळी नऊ वाजता चाकणमधून घ्या. दोन, दोन्ही मॉडेलची ऑन रोड किंमत लिहून घ्या, हप्ता नको. तीन, त्या फरकाचे कांदे करा आणि घरातल्या बाईमाणसांसमोर तो आकडा मोठ्यानं वाचा.

आमच्या घरापुरता निर्णय झालाय. गाडी तीच राहील. चारी टायर नवे घालायचे, ब्रेकचं काम करून घ्यायचं, हेडलाईटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घ्यायच्या. पोरगा नाराज आहे, पण आकडे त्यानंच मोबाईलवर तपासले आणि चूक सापडली नाही.

तुमच्याकडं कांद्याऐवजी बटाटा, ऊस, दूध जे असेल त्यात हिशोब काढून खाली लिहा. माझ्यापेक्षा वेगळा निघाला तर वाचायला आवडेल.

ता. क. कांद्याच्या रोपावर पहाटेच्या धुक्यामुळं करपा दिसायला लागलाय. उद्या सकाळी वाफे बघून घ्या.